मधुमेहींचे कान कोणाच्या हिशेबात?

मधुमेह हा सुखवस्तू, बैठ्या व्यवसायातील माणसांचा रोग होय, ही समजूत आता टाकून दिली पाहिजे. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या पुढाकाराने झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात सुमारे १० कोटी १० लाख मधुमेही आहेत. प्रौढांमध्ये हे प्रमाण शेकडा ११ हून अधिक भरते. एवढ्या मोठ्या संख्येत यंत्रमाग कामगार, रिक्षाचालक, घरकाम करणाऱ्या स्त्रिया आणि शेतमजूर नसतील असे कोण म्हणेल? या रोगाने दृष्टी जाते, मूत्रपिंडे निकामी होतात, पायाची जखम चिघळते, हे आता खेड्यापाड्यांतही ठाऊक झाले आहे. परंतु याच रोगात ऐकण्याची शक्तीही क्षीण होण्याचा धोका वाढतो, हे मात्र रुग्णाला सहसा कोणी सांगत नाही.

‘वय झाले की कान जायचेच’ असे म्हणून हा प्रश्न निकालात काढला जातो. वस्तुस्थिती तशी नाही. अमेरिकेतील राष्ट्रीय आरोग्य पाहणीत १९९९ ते २००४ या काळात २० ते ६९ वर्षे वयाच्या पाच हजारांहून अधिक स्त्री-पुरुषांच्या श्रवणचाचण्या घेण्यात आल्या. त्यांचे निष्कर्ष २००८ साली प्रसिद्ध झाले. वयातील फरक जमेस धरल्यानंतरही उच्च स्वरपट्टीत श्रवणदोष असणाऱ्यांचे प्रमाण मधुमेहींत ५४ टक्के, तर इतरांत ३२ टक्के आढळले. खालच्या व मधल्या पट्टीत ते अनुक्रमे २१ व ९ टक्के होते. गोंगाट, धूम्रपान आणि कानाला अपायकारक औषधे यांचा हिशेब केल्यावरही हा संबंध टिकून राहिला.

याचे शारीरिक कारण समजण्यास अवघड नाही. कानाच्या आतल्या भागात शंखाकृती नळी असते. ध्वनीचे रूपांतर मज्जातंतूंच्या संदेशात करणाऱ्या नाजूक पेशी तिच्यात असतात आणि त्यांचे पोषण अतिसूक्ष्म रक्तवाहिन्यांवर अवलंबून असते. रक्तातील साखर वर्षानुवर्षे वाढलेली राहिली की या वाहिन्यांच्या भिंती जाड होतात आणि श्रवणाच्या मज्जातंतूलाही इजा पोचते. डोळ्याच्या पडद्यावर आणि मूत्रपिंडात जे घडते, त्याच जातीची ही हानी आहे. फरक एवढाच की ती दुखत नाही आणि दिसतही नाही.

ही हानी बहुधा उच्च स्वरांपासून सुरू होते. त्यामुळे माणसाला आवाज ऐकू येतो, पण शब्द कळत नाही. ‘स’ आणि ‘श’ यांसारखी व्यंजने प्रथम हरवतात आणि ‘साठ’चे ‘आठ’ होते. ज्या रुग्णाचे आयुष्य गोळ्यांच्या वेळा आणि इन्सुलिनची मात्रा यांच्या तोंडी सूचनांवर चालते, त्याच्या बाबतीत ही चूक क्षुल्लक नव्हे. तो पुन्हा विचारावयास संकोचतो. घरची माणसे त्याला विसराळू वा तऱ्हेवाईक ठरवितात आणि मुकादम त्याला मंद समजतो.

त्यातच आपल्या श्रमिकाच्या कानावर दुसरा आघात त्याच्या धंद्याचा असतो. भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी येथील यंत्रमागांच्या अखंड खडखडाटात पाळी करणाऱ्या कामगाराचा कान आधीच शिणलेला असतो. गोंगाटाने येणाऱ्या बहिरेपणाला १९४८ च्या कारखाने कायद्याच्या परिशिष्टात व्यवसायजन्य रोगाचे स्थान मिळाले होते. परंतु लहान लहान खात्यांत विखुरलेल्या, हजेरीपटावरही नाव नसलेल्या कामगारापर्यंत अशा तरतुदी कितीशा पोचतात? त्याला मधुमेह झाला म्हणजे दोन्ही कारणे एकाच कानावर येऊन आदळतात, आणि दोन्हींची जबाबदारी त्याच्या नशिबावर टाकली जाते.

शासनापाशी कार्यक्रमांची वाण नाही. बहिरेपणाच्या प्रतिबंधाचा राष्ट्रीय कार्यक्रम २००७ साली सुरू झाला. मधुमेहादी असंसर्गजन्य रोगांचा २०१० साली. परंतु एकाच देहाचे हे दोन विकार दोन स्वतंत्र कप्प्यांत पडले आहेत. मधुमेहाच्या नित्य तपासणीत डोळे, पाय व मूत्रपिंड यांना स्थान मिळाले. कानाला मिळाले नाही.

कायद्याची मोजपट्टी याहून विलक्षण आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क अधिनियमानुसार दोन्ही कानांत ६० डेसिबलची हानी झाल्याखेरीज मनुष्य ‘ऐकण्यास कमी’ या व्याख्येत बसत नाही. आता, साधे संभाषणच सुमारे ६० डेसिबलचे असते! म्हणजे जेथे बोलणे ऐकू येणे संपते, तेथे कायद्याची दया सुरू होते. श्रवणयंत्राच्या साहाय्यासाठी ४० टक्के अपंगत्वाचा दाखला लागतो. २०१७ ची वयोश्री योजना अल्प उत्पन्नाच्या, साठी ओलांडलेल्या वृद्धांसाठी आहे. मग ४५ वर्षांचा, मध्यम श्रवणदोष असलेला मधुमेही कामगार जावा कोठे? ज्या वयात त्याच्या कमाईवर कुटुंब उभे असते, नेमक्या त्याच वयात तो साऱ्या योजनांच्या फटीतून खाली पडतो.

उरला बाजार. श्रवणयंत्रांच्या किमती काही हजारांपासून लाखांपर्यंत आहेत. अर्थशास्त्रात ज्या गरजेमागे क्रयशक्ती नाही तिला ‘मागणी’ म्हणत नाहीत. त्यामुळे गरिबाचा बहिरेपणा बाजाराच्या आकड्यांत उमटतच नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या अहवालानुसार उपाय न केलेल्या श्रवणदोषापायी जगाची दरवर्षी सुमारे ९८० अब्ज डॉलरची हानी होते. हा खर्च टळलेला नाही. तो फक्त शासनाच्या जमाखर्चातून उचलून कुटुंबांच्या माथी मारला आहे.

जेथे इन्सुलिनचाही तुटवडा भासतो तेथे कानाच्या तपासणीची चैन कशाला, असा आक्षेप येईल. तो अप्रामाणिक नाही, पण अपुरा आहे. गेलेले श्रवण साखर आटोक्यात आणल्याने परत मिळत नाही, हे खरे. म्हणूनच दोष लवकर ओळखणे, उरलेला कान जपणे आणि वेळीच यंत्र देणे, हाच व्यवहार्य मार्ग ठरतो. श्रवणमापक यंत्र एकदा घेतले की वर्षानुवर्षे चालते. प्रत्येक चाचणीमागे औषधाचा वा रसायनाचा खर्च नाही. शिवाय जेंटामायसिन, अ‍ॅमिकासिन यांसारखी इंजेक्शने कानाला घातक ठरू शकतात आणि मूत्रपिंड दुबळे असल्यास त्यांचा धोका वाढतो. रुग्णाच्या कानाची नोंद असेल तर डॉक्टरही अधिक सावध राहील.

तेव्हा मागण्या साध्या आहेत. सार्वजनिक रुग्णालयात मधुमेहाचे निदान होताच आणि पुढे ठराविक काळाने श्रवणचाचणी व्हावी. गोंगाटाच्या धंद्यातील मधुमेहींना त्यात अग्रक्रम मिळावा. श्रवणयंत्र वय वा दाखला न पाहता गरजेनुसार द्यावे आणि त्याची दुरुस्ती तालुक्याच्या ठिकाणी व्हावी. कामगार संघटनांनीही हा विषय आपल्या मागणीपत्रात घ्यावा. वेतनाइतकाच कान हाही श्रमिकाच्या हक्काचा विषय आहे. ज्याला सभेतले भाषण आणि मालकाची अट नीट ऐकू येत नाही, त्याच्या लोकशाही सहभागाच्या गोष्टी आपण कोणत्या तोंडाने करणार आहोत?