अर्जातला विषय

खरिपाचे सोयाबीन घरात येऊन कपाशीची वेचणी चालू असता दिवाळी येते, आणि वर्षभराच्या विवंचनेतून क्षणभर मोकळे झालेले मन मुलाबाळांच्या भवितव्याकडे वळते. म्हणून मोताळ्याहून निघणाऱ्या या अंकाच्या प्रारंभी, महाविद्यालयाच्या अर्जात विद्यार्थ्याने कोणता मुख्य विषय लिहावा, या प्रश्नाचा विचार करण्याचे आम्ही योजिले आहे.

आमच्याकडील रीत सर्वश्रुत आहे. गुण उत्तम तर विज्ञान, मध्यम तर वाणिज्य आणि बेताचे तर कला अशी उतरंड समाजाने लावून ठेवली असून, विज्ञानातही गणित घेणारा इंजिनिअर व जीवशास्त्र घेणारा डॉक्टर होणार, हे वडील, मामा आणि शिकवणीचे सर यांनी विद्यार्थ्यास न विचारताच मुक्रर केलेले असते. आणि नव्वद टक्क्यांची एखादी मुलगी इतिहास मागू लागली, तर एवढे मार्क वाया घालवतेस काय, असा सवाल तिला केला जातो. त्यात प्रवेशाच्या फेऱ्या येतात त्या जुलै-ऑगस्टात, म्हणजे बी-बियाणे आणि खत यांत शेतकऱ्याचा हात रिकामा झालेला असताना; मग उत्पन्नाच्या आणि नॉन-क्रिमीलेअरच्या दाखल्यासाठी तहसील कचेरीत हेलपाटे घालणाऱ्या बापाला मुलाच्या आवडीपेक्षा वसतिगृहाचा खर्च अधिक वजनदार वाटला, तर त्यास दोष देण्याचा अधिकार कोणासही नाही.

दोष आहे तो सतराव्या वर्षी लिहिलेला विषय जन्मभराचे खरेदीखत समजण्याच्या समजुतीत. चिंतामणराव देशमुख यांनी केंब्रिजला निसर्गविज्ञानांचा अभ्यास केला, वनस्पतिशास्त्राचे पारितोषिक मिळविले, आणि पुढे 1943 साली ते रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. आपल्या वऱ्हाडचे पंजाबराव देशमुख यांनी डॉक्टरेटसाठी वैदिक वाङ्मयातील धर्माचा शोध घेतला, आणि तेच स्वतंत्र भारताचे कृषिमंत्री झाले. अकोल्याच्या कृषी विद्यापीठास आज त्यांचे नाव आहे. आणि आमच्याच जिल्ह्यातील मेहकरचे ना. घ. देशपांडे यांनी पदवी घेतली कायद्याची व व्यवसाय केला वकिलीचा, परंतु महाराष्ट्राने त्यांना ओळखले ते कवी म्हणून.

यावरून कोणताही विषय घेतला तरी चालेल, असा निष्कर्ष काढणे मात्र घातक ठरेल. वनस्पतिशास्त्रात पारितोषिक मिळविण्याइतके मन ज्याने ओतले, त्याच्याच बुद्धीस पुढे अर्थकारण पेलण्याचे बळ आले. मन न लावता पार पाडलेला विषय मनुष्यास त्या विषयाचाही करीत नाही आणि अन्य कशाचाही करीत नाही. विषय हे गुणांचे बक्षीस नव्हे, तो बुद्धीचा व्यायाम आहे. आणि व्यायाम ज्याने करावयाचा, निवडही त्यानेच करावी.

2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने मुख्य विषयासोबत दुय्यम विषय घेण्याची मुभा दिली, आणि 2024-25 पासून आपल्या विद्यापीठांच्या संलग्न महाविद्यालयांतही ती व्यवस्था आली. ही तजवीज स्वागतार्ह खरी. परंतु जेथे शिकविण्यास अध्यापकच नाही, तेथे विषयांची लांबलचक यादी केवळ कागदोपत्री राहते. यास्तव महाविद्यालयांनी आपल्या माहितीपत्रकात कोणत्या विषयास पूर्णवेळ अध्यापक आहे हे स्पष्ट लिहावे, अशी आमची मागणी आहे.

विद्यार्थ्यांस आमचे सांगणे एवढेच, की अर्जाची मुदत येण्यापूर्वी इच्छित विषयाचे प्रथम वर्षाचे एखादे पुस्तक वरच्या वर्गातील मुलाकडून मागून आणावे आणि आठ दिवस वाचावे. वाचवत नसेल, तर तो विषय कितीही प्रतिष्ठेचा असो, त्याचा मोह सोडावा. आणि पालकांस विनंती अशी, की खर्चाची मर्यादा मुलांपुढे निःसंकोच मांडावी, पण त्या मर्यादेच्या आतील निवड त्यांच्यावर सोपवावी.