संगणकाची मुत्सद्देगिरी

उन्हाळ्याच्या सुटींत परळी वैजनाथ येथें भर दुपारीं घराबाहेर पडणें कठीण. म्हणून आमच्यापैकीं कित्येकांचा तो वेळ संगणकावरील राज्यविस्ताराच्या खेळांत जातो. वडील मंडळींस हा केवळ कालापव्यय वाटतो. आम्हांस तसें वाटत नाहीं. परंतु ह्या खेळांविषयीं आमची एक तक्रार आहे, व ती त्यांतील लढायांविषयीं नसून तहांविषयीं आहे.

खेळांत प्रतिपक्षी राजांची भूमिका संगणक वठवितो. ज्याच्याशीं आम्हीं प्रारंभापासून सख्य राखिलें, अडचणीच्या प्रसंगीं ज्यास द्रव्य पाठविलें, तोच राजा एके दिवशीं कारण न सांगतां सरहद्द ओलांडतो; आणि ज्याचें शहर आम्हीं काल घेतलें तो आज मैत्री मागतो. ह्याचें मूळ असें कीं, अशा खेळांत स्नेह ही बहुधा एक बेरीज-वजाबाकी असते. नजराणा दिला कीं आंकडा वाढतो, सीमा भिडली कीं घटतो. २०१३ सालीं निघालेल्या ‘युरोपा युनिव्हर्सालिस’च्या चौथ्या भागांत ही बेरीज खेळणाऱ्यास उघड दाखविली जाते, आणि कोणी फार मुलूख गिळूं लागला तर शेजारी त्याच्याविरुद्ध एकवटतात. ही सुधारणा स्तुत्य खरी. तथापि तेवढ्यानें काम भागत नाहीं.

कोणी म्हणतील, इतिहासांत तरी राजे कोठें वचनास जागले? ह्याचें उत्तर आमच्या बीड जिल्ह्यांतच आहे. १७६३ सालीं नागपूरकर जानोजी भोसले निजामाच्या पक्षास होते. पेशव्यांनीं मुलूख देऊं केला, तेव्हां ते निजामास सोडून निघाले. आणि १० ऑगस्ट रोजीं गोदातीरीं राक्षसभुवन येथें निजामाचा पराभव होऊन त्याचा दिवाण विठ्ठल सुंदर पडला. पुढें १७६६ मध्यें पेशवे व निजाम हेच एक होऊन जानोजींवर चालून गेले, आणि मिळालेल्या मुलुखाचा मोठा भाग त्यांस परत करावा लागला. पक्ष बदलले खरे. पण प्रत्येक बदलास कारण होतें, बोलणें झालें होतें, आणि त्याची किंमतही पुढें मोजावी लागली. संगणकाच्या विश्वासघातांत नेमक्या ह्याच तीन गोष्टी नसतात.

खरा पेंच पुढेंच आहे. संगणकानें केवळ जिंकण्यासाठीं खेळावें, कीं राजाप्रमाणें वागावें? केवळ जिंकावयाचें म्हटलें तर खेळ संपतां संपतां मित्रास बुडविणें हेंच शहाणपण ठरतें. कारण त्या खेळास उद्यां नसतो. खऱ्या राजास मात्र उद्यां असतो.

२०२२ सालीं मेटा कंपनीच्या संशोधकांनीं ‘सिसेरो’ नांवाची प्रणाली ‘डिप्लोमसी’ ह्या पटावरील जुन्या खेळांत उतरविली. त्या खेळांत फांसे नाहींत. सात राष्ट्रांचे खेळाडू आपसांत बोलणीं करितात व मग आपापल्या चाली गुप्तपणें लिहून एकदम उघड करितात. सिसेरोनें माणसांबरोबर ४० डाव खेळून सरासरीच्या दुपटीहून अधिक गुण मिळविले. ती बहुतांशीं खरें बोलेल अशी योजना होती. तरी पुढें अन्य संशोधकांनीं तिच्या संभाषणांतून फसवणुकीचीं उदाहरणें दाखवून दिलीं. तेव्हां यंत्रास गोड बोलतां येतें हें सिद्ध झालें. बोलल्याप्रमाणें वागण्याची जबाबदारी त्याजवर कशी घालावी हा प्रश्न उरला.

आमचें मत असें आहे कीं, संगणकी राजास अधिक बळ देण्यापेक्षां तीन गोष्टी द्याव्या. पहिली, दीर्घ स्मृति: उपकार व अपकार दोन्ही त्यानें ध्यानांत ठेवावे. दुसरी, स्वतःचें हित: त्याला काय हवें आहे हें त्याच्या वागण्यावरून आम्हांस ओळखतां यावें. तिसरी, पत: एकाशीं वचन मोडणाऱ्यावर इतरांनींही विश्वास ठेवूं नये, आणि हा नियम आम्हां खेळणाऱ्यांसही तितकाच लागू असावा.

ह्या शेवटच्या कलमानें आमचाच तोटा होईल, कारण तह मोडण्यांत आम्ही संगणकाहून कमी नाहीं. तरीही आम्ही तें मागतों. ज्या खेळांत शब्दाची किंमत शून्य असते तेथें शब्द मोडण्याची संवय हात न हलवितां लागते, आणि संवय कांहीं खेळ बंद केल्याबरोबर सुटत नाहीं. म्हणून आमच्या बंधुभगिनींस विनंति कीं, पुढील डावांत एक तह तरी शेवटपर्यंत पाळून पाहावा. राज्य कदाचित् लहान राहील. पण तें का राहिलें हें तुम्हांस सांगतां येईल.