घरातील चोपदार

ज्येष्ठ वद्य सप्तमीस तुकोबारायांची पालखी देहूहून आणि अष्टमीस ज्ञानोबारायांची पालखी आळंदीहून प्रस्थान ठेवते, आणि आकुर्डी, चिंचवड, भोसरी, चाकण या कारखान्यांच्या पट्ट्यातील ज्या असंख्य घरांत कर्त्या माणसाला पाळी सोडून पंढरपूरपर्यंत पायी जाणे शक्य नसते, त्या घरांत टीव्हीपुढची वारी सुरू होते. मराठवाडा, खानदेश, विदर्भ येथून पोटासाठी इकडे आलेली ही कुटुंबे गावी असती, तर त्यांतले कोणी ना कोणी दिंडीबरोबर निश्चित गेले असते. येथे पालखी जवळच्या रस्त्यावरून जाते, पण रजेचा अर्ज मंजूर होत नाही. मग आजी पडद्यापुढे हात जोडून बसते आणि शेजारी चार-पाच वर्षांचे नातवंड बसवून त्याला फर्मान सोडले जाते, ‘हलायचं नाही, देवाचं चाललंय.’ पाच मिनिटांत ते हलते, दहाव्या मिनिटाला रडते, आणि घरातला भक्तिभाव एकमेकांवरील चिडचिडीत विरून जातो.

यात मुलाचा अपराध आहे असे मला वाटत नाही. १९५५ साली पुणे आकाशवाणीवरून गदिमा आणि बाबूजींचे ‘गीतरामायण’ सुरू झाले, तेव्हा आठवड्याला एक नवे गीत, असा क्रम छप्पन्न गीतांपर्यंत चालला; बालकाच्या चित्ताला पेलेल एवढेच ते एका वेळी मागत होते. १९८७-८८ मध्ये रविवारी सकाळी दूरदर्शनवर रामायण लागे, तेव्हा मुले खिळून बसत, कारण पुढे काय होणार ही उत्कंठा होती, आणि मालिका संपताच कामट्यांची धनुष्ये घेऊन तीच कथा अंगणात पुन्हा घडवता येत होती. पालखीच्या थेट प्रक्षेपणात असे कथानक नाही. तासन्‌तास माणसे चालत असतात, टाळ वाजत असतात, आणि ज्याने आयुष्यात एकदाही ती वाट तुडवलेली नाही, त्या बालकाला या चालण्याचा अर्थ पडद्यावरून आपोआप उमगेल, ही अपेक्षाच गैरवाजवी आहे.

२०२० साली ही गोष्ट अवघ्या महाराष्ट्राच्या प्रत्ययास आली. महामारीमुळे पायी वारी रहित झाली, जूनच्या मध्यावर मोजक्या माणसांच्या उपस्थितीत प्रस्थान झाले, आणि ३० जून रोजी पादुका एस.टी.च्या बसमधून पंढरीस गेल्या. त्या वर्षी वारकऱ्याच्या घरीसुद्धा पडद्याखेरीज वारी नव्हती. हात रिकामे ठेवून नुसते पाहत राहणे किती कठीण असते, ते तेव्हा थोरांनाही कळले.

कारण वारीत नुसता प्रेक्षक असा कोणी नसतोच. दिंडीत कोणाकडे वीणा, कोणाकडे पताका, कोणाकडे मृदंग, कोणाच्या गळ्यात टाळ, कोणाच्या मस्तकावर तुळशीवृंदावन. प्रत्येकाची काही ना काही नेमणूक असते. घरातील मुलालाही असाच एक हुद्दा द्यावा, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे, आणि सर्व हुद्द्यांत मला चोपदाराचा हुद्दा मुलांसाठी सर्वोत्तम वाटतो. माउलींच्या सोहळ्यात मुक्कामाच्या तळावर समाजआरतीच्या वेळी सर्व दिंड्या जमतात, टाळमृदंगांचा कल्लोळ चाललेला असतो, आणि चोपदाराने दंड उंचावताच तो प्रचंड जनसमुदाय क्षणार्धात निःशब्द होतो. मात्र ज्या दिंडीची काही तक्रार असेल, ती टाळ वाजवीतच राहते. मग तिची दाद घेतली जाते. शिस्त आणि गाऱ्हाणे या दोहोंचा इतका सुंदर बंदोबस्त मी अन्यत्र पाहिलेला नाही.

आमच्या घरी नातवाने लाटण्याला चंदेरी कागद गुंडाळून दंड सिद्ध केला. आरतीच्या वेळी त्याने तो उंचावला तेव्हा फोनवर बोलत असलेल्या त्याच्या आत्याला वाक्य अर्धे टाकून गप्प व्हावे लागले. धाकटी नात मात्र टाळ वाजवीतच राहिली. चोपदार तिच्यापाशी गेले, वाकून चौकशी केली. तक्रार अशी निघाली की आजोबांच्या खुर्चीमुळे तिला घोडा दिसत नाही. खुर्ची तत्काळ हलविण्यात आली.

घोड्याची ही ओढ मुलांत सार्वत्रिक आहे, आणि तिचा उपयोग करून घ्यावा. रोजचे सगळे प्रक्षेपण मुलाच्या माथी मारू नये. भिंतीवर वाटेचा नकाशा लावून सासवड, जेजुरी, वाल्हे, लोणंद असा मुक्काम त्याच्या हाताने रोज एक-एक पुढे सरकवावा, आणि रिंगणाचा दिवस त्याला आधी सांगून ठेवावा. चांदोबाच्या लिंबाचे उभे रिंगण, पुढे पुरंदवड्याचे गोल रिंगण. स्वाराचा अश्व पुढे धावतो, मागून माउलींचा अश्व येतो, त्याच्या पाठीवर कोणीच दिसत नाही. ‘वर कोण बसलंय?’ हा प्रश्न प्रत्येक मूल विचारते, आणि माउली, हे उत्तर त्याला जराही विचित्र वाटत नाही. हे अश्व शितोळे सरकारांच्या अंकलीहून, थेट बेळगाव जिल्ह्यातून येतात, हे सांगितले की नकाशाला आणखी एक टोक फुटते. तुकोबारायांच्या वाटेवर काटेवाडीला मेंढ्यांचे रिंगण होते. ते तर दोन वर्षांच्या मुलालाही कळते.

एकादशीची शासकीय महापूजा मध्यरात्र उलटून दोन-अडीचच्या सुमारास असते. तिच्यासाठी लहान मुलाला झोपेतून उठवावे, या मताचा मी नाही. तेच दृश्य सकाळी पुन्हा दाखवतात. तेव्हा ताम्हनात घरची लहानशी मूर्ती ठेवून दूध, दही, तूप, मध, साखर अशा पाच वाट्या मुलासमोर मांडाव्यात आणि पडद्यावर अभिषेक चालू असता त्याने इकडे आपला चालवावा. जमिनीवर सांडेल ते नंतर पुसावे. दर्शनरांगेतून निवडलेले मानाचे वारकरी दांपत्य मुख्यमंत्र्यांशेजारी उभे असते, तेही त्याला आवर्जून दाखवावे, ही रांगेत उभी असलेली साधी माणसे आहेत हे सांगावे, आणि त्यांना वर्षभर एस.टी.चा मोफत पास मिळतो हेही सांगावे. मुलांना त्या पासाचे अपार कौतुक वाटते. रात्रपाळी करून वडील चाकणहून परततात तोवर पूजा आटोपलेली असते. अशा वेळी त्यांच्यासाठी सगळा अभिषेक पहिल्यापासून पुन्हा करावयास मूल तत्परतेने बसते. घरच्यांनी दुधाची एक वाटी तेवढी राखून ठेवावी.