‘आपण’ म्हणजे नेमके कोण?

सोमवारची सकाळ. बँकेचे शटर नुकतेच वर गेलेले, कॅश मोजायची बाकी, आणि अशा वेळी काउंटरसमोरचा माणूस पडलेल्या चेहऱ्याने म्हणतो, “सायेब, आपण हारलो.” आता सांगा, कोणाच्या पोटात गोळा येणार नाही?

माझ्या आला. तारीखही पक्की लक्षात आहे. २ सप्टेंबर २०२४, पोळ्याचा दिवस. बी.कॉम. झालेल्या कारकुनाच्या डोक्यात (आमच्या पदाला आता ‘कस्टमर सर्व्हिस असोसिएट’ असे लांबरुंद नाव मिळाले आहे, पगार मात्र त्या मानाने आखूडच राहिला) एका क्षणात काय काय येऊन गेले! कापसाचा भाव पडला? पीकविम्याचा दावा फेटाळला? सोसायटीच्या निवडणुकीत पॅनल पडले? मी आवाज खाली आणून विचारले, “काऊन भाऊ, काय झालं?”

“मँचेस्टर युनायटेड, सायेब. घरच्या मैदानावर. तीन-शून्य. तेही लिव्हरपूलकडून!”

म्हणजे हा गृहस्थ आदल्या रात्री बैलांची खांदेमळणी आटोपून, हळद-तुपाचे हात धुऊन मॅच पाहायला बसला होता. सकाळी दारातले बैल झुली घालून सजत होते आणि मालकाच्या डोळ्यांत पाणी होते मँचेस्टरच्या बैलांसाठी. मी त्याची स्लिप घेतली, शिक्का मारला, पैसे दिले. पण त्याचा तो ‘आपण’ माझ्या डोक्यात बसला तो बसलाच. आपण हारलो. आपण म्हणजे कोण?

आधी एक खुलासा करून टाकतो, नाहीतर आमच्या पानठेल्यावर मला उभे राहता येणार नाही. माझे फुटबॉलशी वैर नाही. १९९८ ची फ्रान्स-ब्राझील फायनल मी कॉलेजात असताना रात्री साडेबाराला दुसऱ्याच्या घरी, दुसऱ्याच्या सतरंजीवर बसून पाहिली आहे. झिदानने डोक्याने मारलेले दोन्ही गोल आजही डोळे मिटले की दिसतात. तेव्हा टीव्हीवर फुटबॉल पाहण्याला माझा विरोध असण्याचे कारण नाही. माझे भांडण त्या ‘आपण’शी आहे.

वाणिज्य शाखेच्या माणसाने ‘आपण’ हा शब्द फार जपून वापरावा. भागीदारी असेल तर आपण. शेअर असेल तर आपण. मँचेस्टर युनायटेडचे शेअर २०१२ पासून न्यूयॉर्कच्या बाजारात विकत मिळतात. पण आमच्या पानठेल्यावरच्या युनायटेडवाल्यांपैकी एकाकडेही त्यातला एक शेअर नाही. भांडवल शून्य, लाभांश शून्य, तोटा मात्र शंभर टक्के यांचा! जमाखर्चाचे असे पुस्तक मी तरी दुसरे पाहिलेले नाही.

आर्णीचे आधीच जरा विचित्र आहे. आमचा जिल्हा यवतमाळ, पण खासदार निवडायला आम्ही चंद्रपूर मतदारसंघात. त्यात आता ही नवी वाटणी झाली आहे. जिल्हा यवतमाळ, लोकसभा चंद्रपूर आणि काळीज लिव्हरपूल!

संध्याकाळी पानठेल्यावर एकदा येऊनच पाहा. एका बाजूला लिव्हरपूलवाले. २०२० मध्ये तीस वर्षांनी लीग जिंकल्यापासून यांची मान जी ताठ झाली, ती २०२४-२५ ची लीग जिंकल्यावर खाली यायलाच तयार नाही. समोर युनायटेडवाले. त्याच हंगामात त्यांची टीम वीसपैकी पंधरावी आली. पण गतवैभवावर जगण्याची सवय आपल्याकडे वाड्यांना असते तशी त्यांना आहे, त्यामुळे बोलणे १९९९ पासूनच सुरू होते. मध्ये आर्सेनलवाले. २०२३, २०२४ आणि २०२५, तिन्ही वर्षे दुसरा नंबर. सोसायटीत तीन वेळा उपाध्यक्ष झालेला माणूस जसा बोलतो, तसे हे बोलतात. पंचाचा निर्णय, व्हिडिओवाल्या पंचाचा निर्णय, ऑफसाइडची रेघ कोणाच्या नखावरून गेली, यावर खर्रा घोटून संपतो पण वाद संपत नाही. एका पोट्ट्याने तर एकदा मला व्हिडिओ पंचगिरी २०१९ मध्ये कशी आली इथपासून सगळे समजावले. त्याचे एज्युकेशन लोनचे कागद तीन आठवडे अपुरे होते, ते कशामुळे, हे मात्र त्याला सांगता आले नाही.

या मंडळींचे उत्तर मला पाठ आहे. “काका, आपल्याकडे पाह्यण्यासारखं हाये काय?”

आहे. निदान होते. तुम्ही पाहिले नाही, म्हणून गेले. २००५-०६ ची नॅशनल फुटबॉल लीग, म्हणजे तेव्हाची देशातली सगळ्यात वरची लीग, मुंबईच्या महिंद्रा युनायटेडने जिंकली होती. २०१० मध्ये ती टीम बंद झाली. २००७ मध्ये पुणे एफसी निघाली, देशाच्या वरच्या लीगमध्ये खेळली आणि मिटली. मुंबई एफसीही २००७ मध्येच निघाली आणि दहा वर्षांनी गेली. २०१४ मध्ये इंडियन सुपर लीगबरोबर एफसी पुणे सिटी आली, २०१९ मध्ये गेली. एका युनायटेडच्या पराभवाला आर्णीत तीन दिवस सुतक असते. महाराष्ट्राच्या या चार टीमांना पानठेल्यावर दोन मिनिटांचेही मौन मिळाले नाही.

राहिली मुंबई सिटी. २०२०-२१ मध्ये लीगची ढाल आणि चषक दोन्ही या टीमने जिंकले. २०१९ मध्ये मँचेस्टर सिटीच्या मालक मंडळींनी तिच्यात मोठा हिस्सा घेतला होता, तो डिसेंबर २०२५ मध्ये सोडून दिला. का सोडला? कारण त्या वर्षी जुलैत सुपर लीगच थांबवून ठेवली गेली होती. करार संपत आलेला, प्रक्षेपण कोण करणार ठाऊक नाही, पैसा कोण घालणार ठाऊक नाही. हंगाम सुरू व्हायला २०२६ चा फेब्रुवारी उजाडला. आमच्या इथल्या एका सिटीभक्ताला त्याच्या मँचेस्टरवर २०२३ मध्ये ठेवलेले शंभरावर आरोप कलमांसकट पाठ आहेत. मी त्याला म्हटले, “तुझ्या देशाची लीग बंद पडून रायली, माहीत हाये काय?” तो म्हणाला, “असं? कोणत्या चॅनलवर लागते ते?”

आता यातली खरी गंमत ऐका. ज्या इंग्लंडची लीग आपण पाहतो, त्या इंग्लंडात शनिवारी दुपारी पावणेतीन ते सव्वापाच फुटबॉलचा थेट सामना टीव्हीवर दाखवायला बंदी आहे. साठीच्या दशकात बर्नली क्लबच्या अध्यक्षाने, बॉब लॉर्ड यांनी, हा मुद्दा लावून धरला. मोठ्या टीमची मॅच घरबसल्या दिसली, तर गावातल्या लहान टीमच्या मैदानावर कोण जाईल, एवढा साधा त्यांचा हिशेब होता. दुसऱ्यांना पटला, आणि अजूनपर्यंत चालू आहे. म्हणजे शनिवारी तीनला सुरू होणारी मँचेस्टरची मॅच खुद्द मँचेस्टरमधल्या माणसाला घरच्या टीव्हीवर दिसत नाही, आणि आर्णीतल्या पोट्ट्याला ती थंडीच्या दिवसांत रात्री साडेआठला मोबाईलवर खुशाल दिसते! साहेबाने स्वतःच्या गावचे मैदान वाचवायला आपल्या घरातला दिवा मालवला आणि आपल्या घरात हंडी-झुंबर लावून दिले. आपण त्या उजेडात बसून त्याच्या गावचा जयजयकार करतो आहोत. आपल्या गावचे मैदान वाचवायला दिवा कोणी मालवायचा?

मैदानावरून आठवले. १५ सप्टेंबर २०१७ रोजी, सतरा वर्षांखालच्या विश्वचषकाच्या निमित्ताने, महाराष्ट्रात एकाच दिवशी दहा लाख मुलांनी फुटबॉल खेळावा असा सरकारी बेत होता. शाळाशाळांना बॉल मिळाले. मी परवा कामानिमित्त एका शाळेत गेलो, तर एक बॉल कपाटात, काचेच्या मागे, शील्डांच्या शेजारी. हवा गेलेला, पण डेड स्टॉक रजिस्टरला चढवलेला. “बाहेर काढला अन् फाटला तर ऑडिटला उत्तर कोण देईन?” असे मला सांगण्यात आले. मी बँकेतला माणूस, ऑडिटचे नाव निघाल्यावर मी काय बोलणार! पण मनात आले, आपल्याकडे बॉल फाटल्याचा जाब विचारतात, न फाटल्याचा कोणी विचारत नाही.

‘आपण’ म्हणायचेच असेल, तर ते कोल्हापुरात जाऊन ऐकावे. तिथे शाहू स्टेडियमवर पाटाकडील तालीम विरुद्ध शिवाजी तरुण मंडळ अशी मॅच असली, की अर्धे शहर ‘आपण’ आणि अर्धे ‘ते’. भांडणेही होतात, आणि ती काही कौतुकाची गोष्ट नव्हे. पण तिथल्या ‘आपण’ला पत्ता आहे, पेठ आहे, गल्ली आहे. त्याच मातीतला अनिकेत जाधव २०१७ मध्ये भारताकडून विश्वचषक खेळला. आणि कोल्हापूर दूर वाटत असेल तर नागपूर घ्या. विजय बारसे सरांनी २००१ मध्ये पावसात फुटकी बादली लाथाडत खेळणारी पोरे पाहिली आणि झोपडपट्टीचा फुटबॉल उभा केला. ‘झुंड’ सिनेमा आर्णीच्या प्रत्येक पोट्ट्याने पाहिला आहे. सिनेमा पाहिला, बादलीवाली पोरे मात्र अजून कोणी पाहत नाही.

हे सगळे मी तोंडाने बोलत होतो तोवर ठीक होते. १३ सप्टेंबर २०२५ ला माझ्या बोलण्याची परीक्षा झाली. दुसरा शनिवार, म्हणजे बँकेला सुटी. संध्याकाळी पाचला चालायला म्हणून मैदानावर गेलो. पाऊस होऊन गेलेला, अर्ध्या मैदानात चिखल, दोन बकऱ्या कॉर्नरला. तांड्यावरची आणि गावातली मिळून पंधरा पोरे खेळायला उभी, आणि एका बाजूला गोलकीपरच नाही. गोलकीपर कुठे? तो चार जणांसोबत पारावर, एका मोबाईलमध्ये डोके घालून. आर्सेनलची मॅच होती. मी म्हटले, “अरे, तुझी टीम खोळंबली ना.” तो मान वर न करता म्हणाला, “काका, माझीच टीम पाहून रायलो.”

मग काय! वय शेहेचाळीस, पायात चामडी चपला, नाकावर चष्मा, आणि मी दोन विटांच्या मध्ये उभा राहिलो.

साधारण अर्ध्या तासाने तांड्यावरचा एक अनवाणी पोरगा, चौदा-पंधराचा असेल, उजवीकडून आला. बॉल उंच आला होता. तो त्याने खाली पडूच दिला नाही. हवेतच, लांबून, असा मारला की मला बॉल दिसला तो माझ्या मागच्या चिखलात रुतलेला. त्याच सुमारास पारावर आरडाओरडा झाला. आर्सेनलच्या झुबिमेंडीनेही तसाच, लांबून, हवेतल्या हवेत गोल मारला होता. तो गोल मग पारावर पुनःपुन्हा लागला. सरळ लागला, सावकाश लागला, गोलच्या मागून लागला.

आमच्या मैदानावरच्या गोलाला रिप्ले नव्हता. पारावरच्या पाचांपैकी एकानेही तो पाहिला नाही. पोरगा माझ्याकडे धावत आला आणि धापा टाकत म्हणाला, “काका, पाह्यला काय?”

खरे सांगू? माझा चष्मा ओघळला होता. मी काहीच पाहिले नव्हते.

“पाह्यला ना बे! एक नंबर!” मी म्हणालो. तो हसला आणि परत पळाला. बँकेच्या नोकरीत खोट्या सहीवर मी कधी पैसे दिले नाहीत, पण त्या दिवशी ही खोटी साक्ष दिली. ती मला अजून टोचते. त्या पोराचा असा गोल पुन्हा होईल न होईल, आणि त्याचा जगातला एकमेव साक्षीदार मी, तोही आंधळा!

म्हणून माझी मागणी आहे, आणि ती मी पूर्ण शुद्धीवर करतो आहे. शनिवारी संध्याकाळी पाच ते साडेसहा आर्णीत मोबाईलवरचा फुटबॉल बंद. साहेबाला अडीच तास जमतात, तर आपल्याला दीड तास जड जाऊ नये. बाकी रात्र तुमची. साडेआठ, अकरा, दीड, हव्या तितक्या मॅच पाहा. आणि ‘आपण’ हा शब्द वापरायचा असेल, तर तीनपैकी एक अट पुरी करावी लागेल. त्या टीमकडून खेळलेले असा, त्या टीमच्या मैदानावर फक्की मारलेली असा, किंवा तिच्या गोलकीपरच्या बापाला ओळखत असा. नाहीतर ‘ते हारले’ म्हणा. चालेल. दुःखही जरा कमी होईल.

सोमवारी सकाळी शटर वर गेले. तोच पोळ्याचा गडी पासबुक घेऊन समोर. मी लंगडत काउंटरला आलो आणि म्हणालो, “भाऊ, आपण हारलो. चार-एक.”

तो चमकला. “कोण? युनायटेड?”

“नाही.”

“मग आर्सेनल? ते तर तीन-शून्य जिंकले ना, सायेब!”

“नाही रे. आपण.”

त्याने बराच वेळ माझ्याकडे पाहिले. मग माझ्या सुजलेल्या घोट्याकडे पाहिले आणि हळूच विचारले, “पुढची मॅच कधी हाये?”