सूत तुटलं की बघायचं कुठे?

टकळीवरचं सूत तुटलं की नवं मूल आधी ताईंकडे बघतं. महिन्याभराने तेच मूल हातातल्या पेळूकडे, म्हणजे पिंजलेल्या कापसाच्या वळीकडे बघायला लागतं. पीळ कमी बसला असेल तर तंतू निसटतात. जास्त बसला तर धागा वेटोळे घेतो आणि ताडकन तुटतो. पेळूच नीट वळलेला नसेल तर सूत कुठे जाड, कुठे बारीक येतं. कारण ओळखायचं, एकच गोष्ट बदलायची, पुन्हा सूत ओढून बघायचं. तुटलेलं टोक जरा उकलून पेळूच्या तंतूंत मिसळलं की सांधा बसतो.

अडचण सोडवायला शिकणं मी याला म्हणतो. जागतिक आरोग्य संघटनेने १९९०च्या दशकात दहा जीवनकौशल्यं सांगितली. समस्या सोडवणं, निर्णय घेणं, ताण हाताळणं त्यांत आहे. यादी चांगलीच आहे. पण फळ्यावरच्या पायऱ्या मुलांच्या पाठ होतात, अंगवळणी पडत नाहीत.

आपल्या वर्ध्यात २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी शिक्षण परिषद भरली. गांधीजींनी मांडलेला विचार असा, की सात वर्षांचं शिक्षण मातृभाषेतून आणि एखाद्या हस्तोद्योगाभोवती द्यावं. मग डॉ. झाकीर हुसेन समितीने अभ्यासक्रम आखला. मुलांच्या श्रमातून शाळेचा खर्च भागवण्याच्या कल्पनेला के. टी. शाह यांनी तेव्हाच विरोध केला होता, आणि तो मला रास्त वाटतो. मुलाच्या हातून विकाऊ माल निघालाच पाहिजे, असा धाक असेल तर चुकायला सवड कुठली?

पण त्या पद्धतीतली हिशेबाची वही आपण सोडायला नको होती. चार फुटांचा एक तार, ६४० तारांची एक गुंडी. आज किती तार झाले ते ज्याचं त्याने लिहायचं. आकडा घसरला की का घसरला, हे वही विचारते. गप्पांत वेळ गेला, पेळू खराब होते, की मन लागलं नाही? कुणी रागवायची गरज पडत नाही. स्वतःला सांभाळायची सवय अशी रोजच्या नोंदीतून लागते.

सेवाग्रामला २००५पासून आनंद निकेतन शाळा पुन्हा चालू आहे. तिथली मुलं शेतात राबतात, सूत काततात, स्वयंपाकाला हात लावतात. नव्या शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीसाठी दप्तराविना दहा दिवस दिले आहेत. दहा दिवसांत ओळख होईल, सवय लागणार नाही. त्याला एकच काम हंगामभर करावं लागतं.

म्हणून जिल्हा परिषदेच्या शाळांतल्या शिक्षकांना माझी विनंती आहे: परसबाग मुलांच्या हाती द्या, वहीसकट. मिरचीवर चुरडा-मुरडा दिसला तर लगेच औषध सांगू नका. पान उलटून बघू द्या. पानं वर वळली की फुलकिडे, खाली वळली की कोळी, हे पुष्कळांच्या घरी माहीत असतं. ती संध्याकाळी बाबांना, आजीला विचारतील आणि सकाळी येऊन तुम्हाला सांगतील.