बारावी झाली, आता भरतीला पळायचं की कॉलेजला जायचं? आधी चार वर्षांचा हिशेब मांडा

दहिवडी : २०२५ मध्ये बारावीचा निकाल ५ मे रोजी लागला आणि ७ मेच्या पहाटे ऑपरेशन सिंदूर झालं. तेव्हापासून माण-खटावच्या वाड्यावस्त्यांवर पारावरची चर्चा एकच आहे, पोरगं भरतीला पळवायचं की कॉलेजला घालायचं? त्या वर्षी अग्निवीर भरतीची लेखी परीक्षा जूनअखेरीस सुरू झाली आणि कॉलेजच्या प्रवेशाचे अर्जही त्याच दिवसांत भरायचे होते. म्हणजे निर्णय घ्यायला घरच्यांच्या हातात थोडेच दिवस असतात.

हा प्रश्न भावनेवर सोडून चालणार नाही. भावना खोटी आहे असं कुणी म्हणत नाही. सातारा तालुक्यातलं अपशिंगे गाव ‘मिलिटरी अपशिंगे’ म्हणूनच ओळखलं जातं. पहिल्या महायुद्धात या एका गावाचे ४६ जवान मारले गेले, त्यांचा स्मृतिस्तंभ गावात आहे. दुष्काळी पट्ट्यात तर शेती साथ देत नाही म्हटल्यावर फौजेनंच पिढ्यान्‌पिढ्या घरं उभी केली. ज्या घरात आजोबा सुभेदार आणि चुलते हवालदार, त्या घरातला पोरगा भरतीचं स्वप्न बघणारच. पण आजोबा ज्या फौजेत गेले तिची नोकरी आणि आजची अग्निवीरची नोकरी यांत मोठा फरक आहे. तो फरक नीट समजून न घेताच अनेक घरांत निर्णय होतात.

काय बदललं?

पूर्वी अठराव्या वर्षी भरती झालेला जवान पंधरा-सतरा वर्षं नोकरी करून पस्तिशीत घरी यायचा. हातात पेन्शन, कॅन्टीनचं कार्ड, दवाखान्याची सोय. वर माजी सैनिकांच्या कोट्यातून दुसरी नोकरी. गावाचा फौजेवरचा विश्वास या पेन्शनवर उभा होता.

१४ जून २०२२ रोजी केंद्र सरकारने अग्निपथ योजना जाहीर केली. आता जवान म्हणून भरती व्हायचं तर अग्निवीर म्हणूनच. योजनेत जाहीर झालेलं वय साडेसतरा ते एकवीस, नोकरी चार वर्षांची. चार वर्षांनंतर प्रत्येक तुकडीतले जास्तीत जास्त २५ टक्के कायम होणार आणि ते पुढं किमान १५ वर्षं नोकरी करणार. बाकीचे घरी येणार. त्यांना पेन्शन नाही, ग्रॅच्युइटी नाही आणि माजी सैनिकाचा दर्जाही नाही.

गावानं हे आपल्या पद्धतीनं ओळखलंय. पोरगा आर्मीत आहे म्हटलं की पूर्वी सोयरीक लगेच जुळायची. आता मुलीकडचे विचारतात, “अग्निवीर आहे का पर्मनंट?”

पैशाचा हिशेब

अग्निवीराला पहिल्या वर्षी महिन्याला ३० हजार रुपये ठरलेले आहेत. त्यातले ३० टक्के सेवा निधीत कापले जातात आणि २१ हजार हातात येतात. दुसऱ्या वर्षी हातात २३ हजार १००, तिसऱ्या वर्षी २५ हजार ५५०, चौथ्या वर्षी २८ हजार. चार वर्षांची बेरीज केली तर सुमारे ११ लाख ७२ हजार रुपये हातात येतात. भत्ते यात धरलेले नाहीत.

कापलेली रक्कम चार वर्षांत ५ लाख २ हजार होते. सरकार तेवढीच भर घालतं. म्हणजे १० लाख ४ हजार, आणि व्याजासह अंदाजे ११ लाख ७१ हजार रुपये चार वर्षांनंतर एकदम मिळतात. त्यावर आयकर नाही. राहणं-खाणं फौजेचं. बावीस-तेवीस वर्षांच्या पोराच्या हातात एवढी रक्कम गावात दुसऱ्या कुठल्या कामातून सहसा पडत नाही. हे मान्य करायला हवं. घरात कर्ज आहे, दोन एकर कोरडवाहू आहे, बहिणीचं लग्न आहे, अशा घराला हा आकडा मोठा आधार आहे.

पण ही रक्कम म्हणजे पोराचं पुढचं आयुष्य आहे, घराचा स्लॅब नव्हे. गावाकडं एकरकमी पैसा आला की त्याला वाटा फुटतात. थोडे लग्नात, थोडे बोअरमध्ये, थोडे ट्रॅक्टरच्या हप्त्यात. दोन वर्षांनी पोरगा पंचविशीचा, पैसा संपलेला आणि नोकरी नाही. भरतीला पाठवण्याआधीच घरात बसून ठरवायला हवं की हे अकरा लाख कशासाठी ठेवायचे. शिक्षणासाठी, धंद्यासाठी की जमिनीसाठी. तेव्हा ठरलं नाही, तर पैसे आल्यावर ठरत नाही.

जोखीम फक्त नोकरीची नाही

ऑक्टोबर २०२३ मध्ये बुलढाणा जिल्ह्यातल्या पिंपळगाव सराईच्या अग्निवीराला सियाचीनमध्ये कर्तव्यावर असताना मरण आलं. कर्तव्यावर गेलेल्या अग्निवीराच्या घरच्यांना ४८ लाखांचा विमा, ४४ लाखांचं सानुग्रह अनुदान, सेवा निधी आणि उरलेल्या काळाचा पगार अशी तरतूद आहे. रक्कम मोठी आहे. पण नियमित जवानाच्या विधवेला किंवा आई-वडिलांना दर महिन्याला मिळणारी फॅमिली पेन्शन यात नाही. अर्ज भरताना आई-वडिलांना एवढं तरी माहीत असावं.

दुसरी गोष्ट, एकदा भरती झाल्यावर मन लागलं नाही म्हणून घरी परत येता येत नाही. अपवादात्मक कारण असेल तरच वरिष्ठांच्या परवानगीनं मुदतीआधी सुटका होते. कॉलेजात शाखा बदलता येते, वर्ष गेलं तर पुन्हा बसता येतं. तशी सवलत इथं नाही.

चार वर्षांनी पुढं काय?

अग्निवीरांची पहिली तुकडी २०२२ च्या अखेरीस आणि २०२३ च्या सुरुवातीला प्रशिक्षणाला गेली. तिची चार वर्षं २०२६ च्या अखेरीस भरायला लागतील. म्हणजे अग्निवीर चार वर्षांनी गावी येऊन काय करतो, हे आजवर कुठल्याच गावानं पाहिलेलं नाही. “अमक्याच्या पोराचं चांगलं झालं” असं दाखवायला उदाहरण नाही आणि “वाटोळं झालं” असं सांगायलाही नाही.

कागदावर काय आहे ते पाहू. केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांत माजी अग्निवीरांसाठी १० टक्के जागा राखीव ठेवण्याची घोषणा २०२२ मध्ये झाली. वयात तीन वर्षांची सूट आहे, पहिल्या तुकडीला पाच वर्षांची. शारीरिक चाचणीतूनही सवलत जाहीर झाली आहे. उत्तर प्रदेश सरकारने जून २०२५ मध्ये पोलीस भरतीत २० टक्के जागा देण्याचा निर्णय घेतला. पण राखीव जागा म्हणजे हमखास नोकरी नव्हे, लेखी परीक्षा तिथंही आहे. आणि आपल्या राज्यात पोलीस, वनरक्षक या भरत्यांत परतलेल्या अग्निवीराला काय मिळणार, हा प्रश्न पालकांनी आपल्या आमदारांना आत्ताच विचारायला हवा. पोरं परत आल्यावर विचारून उपयोग नाही.

कॉलेजची बाजूही तपासा

कॉलेजला गेलं म्हणजे भलं झालं, असंही नाही. बीए करून गावातच बसलेली पोरं प्रत्येक गावात आहेत. फक्त नाव घालायचं, परीक्षेपुरतं जायचं आणि तीन वर्षांनी कागद घ्यायचा, अशा पदवीला बाजारात किंमत नाही. पुण्यात खोली घेऊन ठेवलं तर दुधाचं अख्खं बिल भाड्यात आणि मेसमध्ये जातं.

तरी पदवीचा एक फायदा आहे, तिच्यामुळं दारं उघडी राहतात. तलाठी व्हायचं तर पदवी लागते. पीएसआयला लागते, राज्यसेवेला लागते, बँकेला लागते. आणि फौजेतच अधिकारी व्हायचं असेल तर सीडीएस परीक्षेलाही पदवीच लागते. ज्या घरात तीन पिढ्या जवान झाले, त्या घरातल्या पोराला लेफ्टनंट व्हायचा रस्ता कॉलेजातून जातो, हे कुणी सांगतच नाही. एनसीसीचं ‘सी’ प्रमाणपत्र चांगल्या श्रेणीत असेल आणि पदवीला ५० टक्के गुण असतील, तर एनसीसी स्पेशल एंट्रीतून लेखी परीक्षा न देता थेट एसएसबी मुलाखतीला बोलावलं जातं.

खर्चाचं म्हणाल तर एसटीच्या विद्यार्थी पासात ६६.६७ टक्के सवलत आहे. महाडीबीटीवर शाहू महाराज शुल्क शिष्यवृत्ती आणि पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता यांचे अर्ज भरता येतात. कर्मवीर भाऊराव पाटलांची ‘कमवा आणि शिका’ ही वाट तर आपल्याच जिल्ह्यानं राज्याला दाखवली. मुलींसाठी २०२४-२५ पासून, घरचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. भरतीची वाटही आता मुलींना मोकळी आहे. मिलिटरी पोलीसमध्ये महिला अग्निवीर घेतल्या जातात, आणि एनडीएतून मुलींची पहिली तुकडी मे २०२५ मध्ये खडकवासल्याहून बाहेर पडली.

खरा धोका तिसऱ्या वाटेचा

भरतीला गेलेला पोरगा काहीतरी घेऊन येतो. नीट शिकलेलाही काहीतरी मिळवतो. घराला सगळ्यात महाग पडते ती तिसरी वाट, ना इकडं ना तिकडं.

ही वाट अशी सुरू होते. बारावी झाली, पोरगं म्हणतं, “आधी भरती, मग बघू.” कॉलेजला नाव घालत नाही. अकॅडमीत जातं, फी भरायला घरातली एखादी म्हैस विकली जाते. पहिल्या वर्षी लेखीत नापास. दुसऱ्या वर्षी लेखी निघते, पळण्यात मागं पडतं. तिसऱ्या वर्षी सगळं निघतं आणि मेडिकलला गुडघे जुळतात म्हणून बाहेर. तोवर एकविसावं सरतं. हातात बारावीचा जुना निकाल आणि अकॅडमीचा टी-शर्ट. पुढं पोलीस भरती म्हणून आणखी पाच-सहा वर्षं पळणं सुरू. २०२० ते २०२२ या काळात कोरोनामुळं भरती थांबली होती, तेव्हा अशा किती पोरांचं वय तसंच निघून गेलं, हे गावागावाला माहीत आहे.

हे टाळता येतं. त्यासाठी पाच गोष्टी पाहाव्यात.

१. आधी मेडिकल, मग मेहनत. ग्रामीण रुग्णालयात डॉक्टरांना दाखवा. डोळे, कान, सपाट तळवे, गुडघे, हर्निया. जनरल ड्युटीसाठी आपल्या भागात उंची १६८ सेंटीमीटर लागते. अंगावर टॅटू काढू नका. जे दुरुस्त होणार नाही ते आजच कळू द्या.

२. कॉलेजला नाव घालूनच पळा. रोजचं कॉलेज जमत नसेल तर यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहे. कॉलेजात एनसीसी असेल तर आधी ती घ्या, तिच्या प्रमाणपत्राला भरतीत जादा गुण आहेत. आयटीआय केलेल्यांनाही टेक्निकलसाठी जादा गुण मिळतात.

३. पाय आणि पुस्तक दोन्ही. २०२३ पासून आधी ऑनलाइन लेखी, मग मैदान असा क्रम आहे. १,६०० मीटर साडेपाच मिनिटांत मारलं तर ६० गुण आणि दहा बीमला ४० गुण, पण मैदानापर्यंत पोहोचायला लेखी निघावी लागते. ती आता मराठीतूनही देता येते, त्यामुळं भाषेचं कारण उरलेलं नाही.

४. भरती झालात तरी शिक्षण सोडू नका. इग्नूने सैनिकांसाठी खास पदवी सुरू केली आहे, तिच्यात निम्मे क्रेडिट फौजेतल्या प्रशिक्षणाचे धरले जातात. दहावीवर गेलेल्यांना बारावीच्या समकक्ष प्रमाणपत्राची सोय आहे. चार वर्षांनी पैशाबरोबर पदवीही हातात असेल, तर परत आलेला पोरगा रिकामा नसतो.

५. मुदत ठरवा. किती प्रयत्न करायचे ते घरात आधीच बोला. दोन किंवा तीन. त्यानंतर रस्ता बदलायचा. त्यात कमीपणा नाही.

ज्या घराला आज पैशाची निकड आहे आणि पोराच्या अंगात दम आहे, त्यानं अग्निवीरकडं जरूर जावं, फक्त चार वर्षांची नोकरी आहे हे समजून जावं. ज्या पोराला अभ्यासाची गोडी आहे, त्याला वर्दीच्या हट्टापायी कॉलेजातून उठवू नये, वर्दी त्याला पदवीनंतरही मिळू शकते. आणि जो अजून मधेच आहे, त्यानं या आठवड्यात प्रवेशाचा अर्ज भरावा आणि उद्या पहाटे पळायलाही जावं.

पोरगं कुठं जाणार, हे घरात सगळेच विचारतात. बाविसाव्या वर्षी त्याच्या हातात काय असणार, हेही एकदा जेवायला बसल्यावर विचारून बघा.