शून्यसुद्धा लिहा!



गेल्या एप्रिलमधल्या एका रविवारी आम्ही सहकुटुंब ब्राइटेनश्टाइनवर गेलो होतो. श्वेबिश आल्बच्या कड्यावरचे हे सुमारे ८०० मीटर उंचीचे ठिकाण. समोर टेकचा किल्ला दिसतो. बरोबर थर्मासमध्ये चहा, डब्यात पराठे, एक दुर्बीण आणि एक वही. दक्षिणेकडून परतणारे शिकारी पक्षी तीन तास मोजायचे, असा बेत होता.

आमच्या कन्येने (वय वर्षे दहा) नियम ठरवला. डोक्यावर घिरट्या घालणारा पक्षी धरायचा नाही, नाहीतर एकच पक्षी दहा वेळा मोजला जातो. दक्षिणेकडून आला आणि उत्तरेकडे दिसेनासा झाला, तरच वहीत एक रेघ. पहिल्या तासात २ रेघा, तिसऱ्या तासात ५. मधला तास मात्र कोरा गेला. बोटे गारठली होती. आम्ही सहज म्हणालो, "तो तास सोडून दे. नाहीतर लिही दोन-तीन, कोण तपासायला येतंय?"

ती म्हणाली, "बाबा, आपण बघत होतो ना? मग शून्य लिहायचं."

आम्ही खजील झालो. आमचा पेशा संगणकप्रणाली लिहिण्याचा. रिकामी जागा आणि शून्य यांतला फरक आम्ही ऑफिसात रोज इतरांना समजावतो. रिकामी जागा म्हणजे कोणी पाहिलेच नाही. शून्य म्हणजे पाहिले, पण आढळले नाही. घरच्या वहीत मात्र तो फरक आम्ही विसरलो.

त्या ७ रेघांपैकी ४ घारींच्या होत्या. मुलांनो, मुंबई-पुण्याच्या आकाशात आजी-आजोबांच्या गच्चीवरून दिसणारी घार आणि इथला 'श्वार्त्समिलान' ही एकच जात बरे का! तिकडे ती बारमाही दिसते. इथली मात्र हिवाळा आफ्रिकेत काढते आणि मार्च-एप्रिलमध्ये परतते. शेपटीची खाच उथळ असेल तर ही घार. खोल असेल आणि रंग तांबूस असेल तर 'रोटमिलान'. जगातल्या रोटमिलानांच्या निम्म्याच्या आसपास जोड्या एकट्या जर्मनीत घरटी करतात.

मोजणारे लोक बहुधा शरद ऋतू पसंत करतात. तेव्हा त्या वर्षीची पिल्लेही सोबत असल्याने थवे मोठे असतात. वसंतात संख्या कमी, पण प्रवास आणि हिवाळा यांतून तरलेलेच तेव्हा परततात. किती गेले याइतकेच किती परतले हेही महत्त्वाचे, असे आम्हांस वाटते.

याच डोंगरावर, जवळच्या रांडेकर मार येथे, वुल्फ गाटर यांनी १९७० साली स्थलांतराची मोजणी सुरू केली. दर शरदात माणसे तिथे बसली आणि पक्ष्यांबरोबर कीटकही मोजत गेली. पन्नास वर्षांच्या त्या नोंदींतूनच २०२० साली उघड झाले, की स्थलांतर करणाऱ्या फुलमाश्यांच्या काही गटांत ९० टक्क्यांहून अधिक घट झाली आहे. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या हॉक माउंटनवर पूर्वी लोक ससाणे-गरुडांची बंदुकीने शिकार करीत. १९३४ साली रोझली एज या बाईंनी ती बंद पाडली आणि तिथे मोजणी सुरू झाली. पुढे डीडीटीच्या काळात तिथल्या वह्यांत गरुडांची पिल्ले कमी होत गेलेली दिसली. रेचल कार्सन यांनी १९६२ च्या आपल्या पुस्तकात तेच आकडे पुरावा म्हणून मांडले. मोजणाऱ्यांना आपल्या रेघांचा पुढे काय उपयोग होईल याची कल्पना नव्हती. कोणी "लिही दोन-तीन" म्हटले असते, तर तो पुरावा उरलाच नसता.

काही पालक म्हणतील, मराठीचा वर्ग भाषेसाठी आहे, पक्षी कशाला? आमचे म्हणणे असे, की 'घ घारीचा' हे फळ्यावर लिहून मूल विसरते, कड्यावर उभे राहून "बाबा, घार!" असे ओरडलेले विसरत नाही. शिवाय मोजताना एकवीस, बावीस आपोआप तोंडी बसतात. आधी एक, मग वीस ही रीत जर्मनमध्येही आहे, तेव्हा आपल्या मुलांना ती परकी नाही.

म्हणून आमची सूचना: दर एप्रिलमध्ये एका रविवारी वर्गाने कड्यावर जावे. सकाळी दहानंतर, कारण ऊन तापून हवा वर चढू लागली की हे पक्षी तिच्यावर तरंगतात. तीन तास, एकच वही, मराठीत नोंद. वही वर्गाच्या कपाटात राहावी. आज मोजणारी मुले मोठी होऊन कुठेही जातील. वही मात्र पुढच्या मुलांच्या हाती पडेल.

आणि पालकांना एक विनंती. एखाद्या वर्षी पाऊस-धुक्यात एकही पक्षी दिसला नाही, तरी मुलांना शून्य लिहू द्या. आम्ही आता मध्ये बोलणार नाही.